डोंबिवलीचे ठाण्याला, ठाण्याचे डोंबिवलीला

डोंबिवलीतला माणूस दारू सोडायची मीटिंग शोधतो तेव्हा ती ठाण्याला शोधतो, आणि ठाण्याचा माणूस डोंबिवलीला. हे कळायला मला सात महिने आणि रेल्वेचा एक जम्बो ब्लॉक लागला. परवा एका जुन्या मित्राच्या बायकोचा फोन आला, "भावोजी, तुम्ही कुठेतरी जाता म्हणे, आमच्या ह्यांना नेता येईल का", मी वीस मिनिटं बोललो तरी अर्धं राहिलंच, आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे एकदा लिहूनच काढावं, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

नाव लिहिणार नाहीये. ह्या मीटिंगा एएच्या, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांच्या संघटनेच्या. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, त्यातला दुसरा शब्द, म्हणजे निनावी, उगाच नाहीये. पेपरात, टीव्हीवर, नेटवर उघडपणे "मी एएचा मेंबर" म्हणून नाव आणि फोटो द्यायचा नाही अशी त्यांची परंपरा आहे. खाली जी माणसं येतील त्यांचे तपशील पण मी थोडे इकडचे तिकडे केलेत, डोकं लावून ओळखायला जाऊ नका. आणि मी काही एएच्या वतीने बोलत नाहीये, त्यांच्या वतीने कोणीच बोलत नाही, मी फक्त माझं सांगतोय.

माझं पिणं काही फार वेगळं नव्हतं. कॉलेजात बिअर, नोकरी लागल्यावर शुक्रवारी ग्रुप, मग शुक्रवारचा गुरुवार झाला, गुरुवारचा बुधवार, आणि शेवटची चार वर्षं रोज संध्याकाळी स्टेशनच्या बाहेर पडलं की पाय आपोआप परमिट रूमकडे वळायचे. आधी नाइन्टी, मग क्वार्टर, मग क्वार्टर तिथे आणि एक चपटी बॅगेत, डब्याच्या पिशवीखाली. शेवटी शेवटी सकाळी दाढी करताना हात थरथरायचा म्हणून दोन घोट, आणि त्यावर बडीशेप. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं ह्याला बडीशेपेची फार आवड. मला वाटायचं की त्यांना असं वाटतं.

आता मीटिंगच्या आधीची एक गोष्ट, कारण ती जिवावरची आहे. २०२३ च्या दसऱ्याला मी देवासमोर नारळ फोडून शपथ घेतली आणि त्या मिनिटापासून दारू बंद केली. घरात सगळे खूश. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, झोप नाही. तिसऱ्या रात्री मला भिंतीवरून मुंग्यांची रांग जाताना दिसायला लागली आणि मी बायकोला खडू आण म्हणून ओरडत होतो, लक्ष्मणरेषा खडू, आणि मुंगी एक पण नव्हती. फॅमिली डॉक्टर फोनवर अक्षरशः ओरडले, आत्ताच्या आत्ता अ‍ॅडमिट करा म्हणाले. नंतर समजलं की रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केली तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भास, ताप, बडबड सुरू होऊ शकते, त्याला डिलिरियम म्हणतात, आणि त्यात माणूस जाऊ पण शकतो. मी पाच दिवस हॉस्पिटलात होतो, गोळ्या हळूहळू कमी करत, बी-१ ची इंजेक्शनं घेत. म्हणून मित्राच्या बायकोला पहिलं वाक्य हेच सांगितलं की वहिनी, तो रोज सकाळपासून पीत असेल तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. देवाची शपथ घ्यायची तर घ्या, पण डॉक्टरला सांगून घ्या.

आणि ते लोकलच्या डब्यात चिकटवलेले कागद असतात बघा, "पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा", त्यांच्या नादी अजिबात लागू नका. माझ्या आत्याने एकदा तशी पुडी मागवून माझ्या आमटीत टाकायचा घाट घातला होता, बायकोने हाणून पाडला. त्यात काय असतं कोणालाच माहीत नसतं. दारू सोडवायचं डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण त्याच्यावर दारू प्यायली तर चेहरा लालभडक, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, जीव जायची वेळ येते. ते डॉक्टर देतात ते पेशंटला सगळं समजावून, त्याच्या मर्जीने. आमटीतून नाही.

तर डिस्चार्जच्या वेळी मानसोपचार डॉक्टरांनी गोळ्यांच्या यादीखाली पेनाने "एए" असं लिहून दिलं, दिवसातून एकदा जेवणानंतर लिहितात तसंच. मला वाटलं कुठली तरी टॉनिकची बाटली. घरी येऊन नेटवर शोधलं तर एएची भारतातली स्वतःची साइट निघाली, शहर टाका, मीटिंगची यादी येते, वार, वेळ, भाषा सगळं. त्यांचं देशाचं मुख्य ऑफिस आपल्या भायखळ्याला आहे, हे तर मला माहीतच नव्हतं, वीस वर्षं भायखळ्यावरून जातोय. मी डोंबिवली टाकलं आणि पहिलीच मीटिंग आली ती घरापासून चालत बारा मिनिटांवर. मी लगेच खाली स्क्रोल केलं. चालत बारा मिनिटांवर म्हणजे रस्त्यात दूधवाला बघणार, इस्त्रीवाला बघणार, मुलीच्या क्लासच्या मॅडम बघणार. ठाणे टाकलं. ठाण्याला आपल्याला कोण ओळखतंय?

ठाण्याच्या आधी एकदा ऑफिसच्या जवळच्या एका मीटिंगला पण गेलो होतो, चर्चच्या हॉलमध्ये. लोक फार चांगले, पण सगळं इंग्रजीत. मला ऑफिसचं इंग्रजी येतं, ईमेल, प्रेझेंटेशन सगळं. पण बापाच्या तेराव्याच्या दिवशी मी पिऊन पंगतीत पडलो होतो हे इंग्रजीत कसं सांगायचं? तेराव्यालाच शब्द नाही तिथे. मी "पास" म्हणालो आणि चहा पिऊन निघून आलो. वर चर्चचा हॉल, शेवटची प्रार्थना, त्यामुळे डोक्यात बसलं की ही ख्रिश्चन लोकांची कायतरी भानगड आहे. तसं नाहीये. जागा स्वस्तात मिळते म्हणून चर्च, तशीच पालिकेची शाळा, तसाच एखादा समाजाचा हॉल. धर्म बिर्म काही लागत नाही, दारू थांबवायची इच्छा एवढीच अट, फी नाही, रजिस्टर नाही, आधार कार्ड नाही. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी सगळ्या भाषांच्या मीटिंगा आहेत, फक्त यादीत भाषेचा कॉलम बघून जायचं, जो मी बघितला नव्हता.

ठाण्याची मीटिंग पालिकेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात. ते चित्र अजून डोळ्यासमोर आहे. तिसरीच्या पोरांचे बाक, त्यात आमच्यासारखे ढेरपोटे चाळीस-पन्नाशीचे बाप्ये गुडघे हनुवटीला लावून बसलेले. भिंतीवर बाराचा पाढा. फळ्याच्या कोपऱ्यात "आजचा सुविचार" आणि पटसंख्या, मुलं एवढी, मुली एवढ्या, आणि त्याच फळ्यासमोर एक माणूस शांतपणे सांगतोय की त्याने मुलीच्या फीचे पैसे गुत्त्यात कसे घालवले. गेटवरच्या वॉचमनला मी "तो... कार्यक्रम कुठाय" असं विचारलं होतं तर तो म्हणाला "दारूवाल्यांचा ना, वर डावीकडे". एवढी प्रायव्हसी.

आत काय होतं ते सांगतो, कारण भीती तिचीच असते. दीड तास. एक जण सुरुवातीचं वाचतो, एए काय आहे आणि काय नाही. मग बारा पायऱ्या वाचतात, म्हणजे दारूतून बाहेर यायचा त्यांचा मार्ग, त्याला सगळे स्टेप्सच म्हणतात. मग शेअरिंग. ज्याला बोलायचंय तो नाव सांगतो, फक्त पहिलं, "आणि मी अल्कोहोलिक आहे", आणि पाच-दहा मिनिटं स्वतःचं बोलतो. मधे कोणी बोलत नाही. सल्ला देत नाही. "अरे पण तू असं करायला हवं होतंस" असं कोणी म्हणत नाही, आणि चार मराठी माणसं एका खोलीत बसून कोणी कोणाला सल्ला देत नाहीये हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. बोलायचं नसेल तर नाही बोललं तरी चालतं, मी पहिले तीन आठवडे तोंड उघडलं नाही. शेवटी टोपली फिरते, दहा-वीस रुपये टाकतात लोक, नसतील तर पुढे सरकवायची. त्यातूनच चहा आणि भाडं, बाहेरच्या कोणाची देणगी घेत नाहीत, अगदी नगरसेवकाने दिली तरी. मग उभं राहून एक छोटी प्रार्थना, बदलता येणार नाही ते सोसायला शांती दे, बदलता येईल ते बदलायला बळ दे, आणि कुठलं कुठलं ते ओळखायची अक्कल दे, साधारण अशा अर्थाची.

प्रार्थनेवरून माझं वाजलं. मी देव मानणारा नाही, दसऱ्याचा नारळ बायकोसाठी होता. स्टेप्समध्ये "उच्च शक्ती" येते, आपल्यापेक्षा मोठी. मी मीटिंग संपल्यावर एका म्हाताऱ्या सभासदाला म्हणालो, काका हे मला नाही जमणार. ते सेंट्रल रेल्वेतून रिटायर झालेले. म्हणाले, "तुझ्यापेक्षा मोठं काहीतरी आहे एवढंच मानायचंय. सकाळची फास्ट लोकल तुझ्यापेक्षा मोठी आहे की नाही? तुझ्या मर्जीने थांबते का? मग तिथून सुरू कर." मी हसलो. पण खरं सांगतो, बरेच दिवस माझी उच्च शक्ती ती लोकलच होती.

हे सगळं खरंच चालतं का अशी शंका मला पण होती, इंजिनीयर माणूस, आकडे लागतात. २०२० साली कॉक्रेनने, म्हणजे औषधोपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणारी जी संस्था आहे तिने, एएवर आढावा काढला होता. २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत एए आणि माणसाला नीट हात धरून एएशी जोडून देणारे उपचार हे इतर नावाजलेल्या उपचारांच्या बरोबरीचे, बऱ्याचदा सरस निघाले. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. फुकटात मिळतंय म्हणजे फालतू असणार ही आपली एक खोड असते ती थोडी कमी झाली.

पण माझ्याआधी बदलली ती माझी बायको, आणि त्याचा मला प्रचंड राग आला होता. मीटिंगच्या शेजारच्याच वर्गात घरच्यांची मीटिंग असायची, अ‍ॅल-अनॉन. ही वेगळी संघटना आहे, १९५१ पासूनची, पिणाऱ्याच्या बायका, आया, नवरे, भावंडं यांच्यासाठी. ती मला सोडायला म्हणून आली आणि तिथे जाऊन बसली. तिथून आल्यावर तिने दोन गोष्टी बंद केल्या. बाटल्या शोधणं, आणि माझ्या ऑफिसात फोन करून "ह्यांना ताप आहे" सांगणं. मी तेव्हा पीत नव्हतो म्हणून मला फरक पडला नाही, पण मी भडकलो, म्हणजे उद्या गरज पडली तर ही फोन करणार नाही की काय? म्हणजे माझ्या डोक्यात उद्याची गरज होतीच, बघा. वहिनींना मी हे पण सांगितलं की तो नाही आला तरी तुम्ही जा. तुमची मीटिंग त्याच्या येण्यावर अवलंबून नाहीये.

तर सात महिने. दर शनिवारी ठाणे, जमेल तेव्हा बुधवारी पण. ट्रेनने जायचं, शेवटच्या बाकावर बसायचं, संपलं की परतीची ट्रेन. चहाला थांबायचो नाही. कोणाचा नंबर घेतला नाही. स्पॉन्सर म्हणजे एखादा जुना सभासद जो तुम्हाला स्टेप्समधून नेतो, रात्री अपरात्री फोन उचलतो, तो पण केला नाही. पहिल्या ९० दिवसांत ९० मीटिंगा करा असं तिथे सांगतात, मी म्हणायचो की डोंबिवलीहून रोज कसं शक्य आहे. आणि सगळ्यांना कौतुकाने सांगायचो की मी ठाण्यापर्यंत येतो हं.

मग २०२४ चा मे आला. २० मेला आपल्याकडे लोकसभेचं मतदान, आणि पालिकेच्या शाळा म्हणजे मतदान केंद्रं, त्यामुळे १८ तारखेचा शनिवार गेला. शाळेत पोलिंगचं सामान, मीटिंग दुसरीकडे हलवली होती पण मला कोण कळवणार, मी कोणाला नंबरच दिला नव्हता. २५ ला गावी लग्न होतं. आणि १ जूनच्या शनिवारी रेल्वेचा तो ६३ तासांचा ब्लॉक, ठाण्याचा पाच-सहा नंबरचा फलाट रुंद करायला घेतला होता, ज्यांनी भोगलंय त्यांना आठवत असेल. ट्रेन अगदीच बंद नव्हत्या. लटकत गेलो असतो तर पोचलो असतो, पिण्यासाठी मी ह्याच्यापेक्षा वाईट गर्दीतून गेलोय. पण निमित्त असं घरपोच आलेलं कोण सोडतं. संध्याकाळी सात वाजता मी भाजी आणायला खाली उतरलो, आणि रात्री अकराला वॉचमनने लिफ्टमधून वर आणून सोडलं. भाजीची पिशवी रिकामी.

बायको काहीच बोलली नाही. सकाळी चहा पण नेहमीसारखा दिला. माझ्यासाठी ते फार वाईट होतं, भांडली असती तर मला रागावून परत खाली जाता आलं असतं. त्या दिवशी रविवार, २ जून. मी मोबाइल काढला, तीच यादी, डोंबिवली, चालत बारा मिनिटं, रविवारी संध्याकाळी. या वेळी स्क्रोल केलं नाही. केलं असतं तरी जाणार कुठे, ब्लॉक दुपारी संपला तरी गाड्या रखडतच होत्या.

रस्त्यात इस्त्रीवाल्याने बघितलं, "कुठे साहेब" म्हणाला, मी "इथेच" म्हणालो. एवढंच झालं. सात महिने ज्याला घाबरून ठाण्याला पळत होतो ते एवढंच.

आणि आत गेलो तर टेबलाजवळ कप मांडत आमच्या समोरच्या विंगमधले काका उभे. नाव नाही सांगत. आमच्या आख्ख्या सोसायटीत समज आहे की हे काका रविवारी आणि गुरुवारी भजनाला जातात. झोळी घेऊन जातात ना, आणि येताना चेहरा शांत असतो. मी दारातच थिजलो. ते म्हणाले, "ये. बस. चहा घे आधी." मी म्हणालो काका तुम्ही इथे? तर म्हणाले, "एकोणीस वर्षं. तुला जिन्यातून दोनदा वर आणून सोडलंय मी. तुला आठवायचं नाही."

दोनदा. आणि त्यांनी सोसायटीत कोणाला एक शब्द बोललं नव्हतं, मला पण नाही. मी नंतर कित्येक दिवस याच गोष्टीवर अडकून होतो. माझं पिणं सगळ्यांना माहीत होतं. वॉचमनला माझा मजला पाठ होता, रिक्षावाले मला पत्ता विचारत नव्हते, खालच्या मजल्यावरच्या ताईंनी मुलांना सांगून ठेवलं होतं की ते काका आले की दार लावून घ्यायचं. हे सगळं उघड. आणि मी तिकीट काढून ठाण्याला जाऊन लपवत काय होतो, तर न पिणं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटातून बोललो, रडलो पण थोडं. स्लिप झाली, म्हणजे सोडून परत प्यायलो, सात महिने वाया गेले, आता परत पहिल्यापासून मोजायचं असं बरंच काय काय. मीटिंगनंतर काकांनी टपरीवर नेलं आणि एक गोष्ट सांगितली. एए अमेरिकेत सुरू झालं १९३५ मध्ये, अ‍ॅक्रन नावाच्या गावात, एक शेअर बाजारवाला आणि एक डॉक्टर, दोघं कट्टर पिणारे, एकमेकांशी बोलून पिणं टाळायला लागले. पण तो डॉक्टर मधेच डॉक्टरांच्या एका परिषदेला ट्रेनने गेला आणि तिथे जे प्यायला ते शुद्ध हरपेपर्यंत. परत आल्यावर त्याने शेवटचा घोट घेतला तो १० जूनला, आणि तीच तारीख पुढे एएची स्थापनेची तारीख धरली गेली. "म्हणजे आपला स्थापनादिवसच स्लिपनंतरचा आहे," काका म्हणाले, "तू काय एवढा तोंड पाडून बसलायस." मी म्हणालो, तो पण ट्रेनने गेला होता काका. त्यावर ते खो खो हसले, आणि म्हणाले की हे पुढच्या रविवारी शेअर कर.

तेव्हापासून आमची डोंबिवलीच. आणि मजा सांगतो, मीटिंगमध्ये कोण कुठून येतं बघितलं तर निम्मे लोक बाहेरचे. एक कल्याणचा, दोन ठाण्याचे, एक अंबरनाथचा, सगळे "इकडे आपल्याला कोणी ओळखत नाही" म्हणून आलेले. ठाण्याच्या वर्गात माझ्या शेजारी बसायचा तो मुलगा डोंबिवलीचाच निघाला, माझ्यापासून तीन गल्ल्या सोडून. आम्ही सात महिने एकाच स्टेशनवर उतरून एकमेकांना न ओळखल्यासारखं करत घरी जायचो. आता तो आणि मी मिळून येतो.

लांबच्या मीटिंगेला जाऊच नका असं मी म्हणत नाही. सुरुवातीला लाज एवढी असते की लांबची तर लांबची, जा. बायकांचं तर अजून अवघड आहे, आमच्याकडे महिनोन् महिने एक पण बाई नसते, आणि एकदा एक ताई आल्या तर निम्मे बाप्ये त्यांच्याकडेच बघत बसले, मला लाज वाटली. फक्त बायकांच्या मीटिंगा असतात, ऑनलाइन पण असतात, त्यांनी यादीत त्या शोधाव्यात. लॉकडाऊनमध्ये सगळं झूमवर गेलं त्यातलं काही तसंच चालू राहिलंय, आमच्या एका मराठी ऑनलाइन मीटिंगेला दुबईहून एक जण येतो, एक न्यू जर्सीहून पहाटे उठून. पण पिण्याची हुक्की येते ती रात्री साडेआठला, रिकाम्या पोटी, घरापासून वाइन शॉपपर्यंतच्या अंतरात. त्या वेळी चालत पोचता येईल असं कायतरी लागतं, किंवा चालत येऊ शकेल असा कोणीतरी. काका चपला घालून चार मिनिटांत येतात, मी वेळ लावून बघितलीय.

बरं, यादीवर डोळे झाकून विश्वास नको. वेळा बदलतात, मेच्या सुट्टीत शाळेला कुलूप असतं, परीक्षा असते, निवडणूक असते. आधी एएच्या हेल्पलाइनला फोन करून विचारा की आज आहे ना. आणि पहिल्या मीटिंगेला आवडलं नाही तर लगेच फुली मारू नका, चार-पाच वेगवेगळ्या करून बघा, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो. एकीत सारखं देव देव, एकीत जुने लोक नव्यांना बोलूच देत नाहीत, आमच्यातच एक जण आहे जो दर रविवारी तीच गोष्ट सांगतो, म्हशीची, आता आम्हाला ती पाठ आहे आणि तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं.

वहिनींनी विचारलं की अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर. तो निर्णय डॉक्टरांचा, पण एवढं सांगितलं की पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून सुरू केलेलं. आमच्या ग्रुपमधले दोघं तिथून येऊन मग इथे टिकलेत. बाकी कुठेही टाकण्याआधी स्वतः जाऊन बघा, मारून मुटकून, बांधून ठेवून दारू सोडवतो म्हणणारी ठिकाणं पण आहेत, तिथे टाकू नका. आणि नुसतं कोणाशी बोलायचं असेल तर सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे १४४४६, आणि मन फारच खचलं असेल तर टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट.

गटारीचं सांगायचं राहिलं. २०२४ ला ४ ऑगस्टला गटारी आली, तीही रविवारी, म्हणजे मीटिंगच्याच वेळी. गच्चीवर सोसायटीचा कार्यक्रम, मटण, आणि सेक्रेटरी मला म्हणतोय "तुझ्यासाठी कोकम सोडा ठेवलाय रे, ये नुसता चकना खायला". आता चकना हा प्रकार किती धोकादायक आहे हे न पिणाऱ्याला कळणार नाही, शेंगदाणे-कांदा-लिंबू समोर आलं की हात आपोआप ग्लास शोधतो, मला अजून तो मसाला शेंगदाणा घरात चालत नाही. मी आणि काका मीटिंगला गेलो. येताना साडेनऊ वाजले होते, वरून गाण्यांचा आवाज येत होता, आणि गेटवर सेक्रेटरीने काकांना विचारलं, "काय काका, आज पण भजन?" काका म्हणाले "हो, आणि आता हा पण यायला लागलाय." तेव्हापासून सोसायटीत मी पण भजनवाला. परवा तर गणपतीत आरतीला पेटी वाजवशील का म्हणून विचारलं.

वर्ष झालं तेव्हा मीटिंगेत केक कापला, त्याला बर्थडे म्हणतात. बायको आली होती, तिला दोन शब्द बोलायला सांगितलं तर ती उभी राहिली आणि म्हणाली "आता भाजी येते घरी" आणि बसली.

माझ्याकडे आता चहाची ड्युटी आहे. नव्या माणसाला काहीतरी काम देतात, म्हणजे तो लवकर येतो आणि उशिरा जातो, मला स्लिपनंतर दुसऱ्याच आठवड्यात कपाटाची किल्ली दिली होती. एका बेवड्याला किल्ली, तीही सगळ्यांच्या टोपलीचे पैसे ज्या कपाटात असतात त्याची. मी दोनदा विचारलं की नक्की ना.

वहिनींना सांगितलंय की रविवारी सहाला घेऊन या त्याला, मी अर्धा तास आधी असतोच. यायला तयार नसेल तर म्हणाव नुसता चहा प्यायला ये. ते राहतात ठाण्याला, त्यामुळे येईल असं मला वाटतंय. आता उठतो, दूध मला आणायचंय, दोन लिटर, आणि साखर वेगळ्या डब्यात न्यायचीय कारण आमच्यातल्या निम्म्यांना शुगर आहे.